हौसेची भीती आणि हाताला धरून दाखवलेली भीती

वाचकाचं पत्र (ओळख न देता, थोडक्यात)

४१ वर्षांच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. सुट्टीत त्या, त्यांचे यजमान आणि १४ वर्षांची मुलगी एका संग्रहालयातलं भयपटांवरचं दालन बघायला गेले. ७ वर्षांचा मुलगा लहान म्हणून आत्याबरोबर खालच्या मजल्यावर थांबला. दालनाच्या पहिल्या भागात काचेच्या पेट्या होत्या: मुखवटे, रंगभूषेचं सामान, खोट्या कुऱ्हाडी, राक्षसांची कच्ची रेखाटनं. तिथवर सगळं ठीक होतं. पुढे काळोखी, वळणावळणाचा बोळ लागला. "मी बाहेर बसते, तुम्ही जाऊन या," असं त्या दाराशीच म्हणाल्या. पण "अगं, सगळं खोटं तर आहे, काही होत नाही," म्हणत यजमानांनी हाताला धरून आत नेलं. दुसऱ्याच वळणावर काहीतरी अंगावर झेपावलं. त्या किंचाळल्या आणि बाजूच्या आपत्कालीन दारातून बाहेर पळाल्या. नेमक्या त्या क्षणी तिथल्या कॅमेऱ्याने टिपलेला फोटो यजमानांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यावरचं हसणं अजून थांबलेलं नाही.

मुलीची तऱ्हा वेगळी. ती बोळातून दोनदा जाऊन आली, आणि एका मुखवट्यापुढून तर हलेचना. आई बोलवायला गेली तेव्हा म्हणाली, "मागून बघ ना. इथे कपाळाजवळ घामाचा डाग आहे." आता वाढदिवसाला मैत्रिणींना घेऊन तिला पुन्हा तिथेच जायचं आहे. तिच्या वहीत कवट्या आणि फाटलेले चेहरे. धाकट्याने बहिणीकडून सगळं तिखटमीठ लावून ऐकलंय. त्यालाही जायचंय, आणि रात्री तो एकटा बाथरूमला जायला तयार नाही.

त्या विचारतात: "असल्या अभद्र गोष्टींत रमणाऱ्या मुलीचं मन निबर होतंय का? ज्ञान द्यायचं सोडून संग्रहालयाने लोकांना घाबरवावं का? मी एवढी भित्री कशी? आणि मुलांना पाठवू की नको?"

उत्तर

ताई, प्रश्न चार असले तरी त्यांच्याखाली एक गृहीतक आहे, ते आधी बाहेर काढू. तुम्ही असं धरून चाललाय की त्या बोळात तुम्हाला आणि लेकीला एकच अनुभव आला. तिला तो आवडला, तुम्हाला सोसला नाही, म्हणजे दोघींपैकी कुणात तरी काहीतरी कमी-जास्त असणार. मला तसं दिसत नाही. तुमची मुलगी आत गेली. तुम्हाला आत नेलं. बोळ तोच, आवाज तेच, अंगावर आलेलं बाहुलंही तेच. तरी हे दोन अनुभव एकमेकांचे सख्खे सोडाच, चुलतही लागत नाहीत.

दचकण्याच्या क्षणी दोघींच्या शरीरात जवळपास सारखंच घडलं असणार. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा एक छोटा भाग असतो. धोक्याची चाहूल लागली की विचार करणाऱ्या भागाचं मत यायच्या आत तो गजर वाजवून मोकळा होतो. रक्तात ॲड्रेनलिन येतं, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात खड्डा पडतो. "सगळं खोटं तर आहे" हे ज्या भागाला कळतं तो या घाईत मागे राहिलेला असतो. म्हणूनच यजमानांचं वाक्य अक्षरशः खरं असूनही त्या क्षणी कुचकामी होतं. आणि दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिच्यावरून कुणाला धीट-भित्रं ठरवता येत नाही. यजमानही दचकले असतीलच, फक्त त्यांचा फोटो निघाला नाही.

फरक पडतो तो त्यानंतरच्या दोन-चार सेकंदांत. विचार करणारा मेंदू पोचतो आणि परिस्थितीचा अंदाज घेतो: मी इथे कशी आले, बाहेर कुठून पडायचं, सोबत कोण आहे? तुमच्या लेकीकडे तिन्ही उत्तरं तयार होती. धोका नाही असा निर्वाळा मिळाला, पण शरीरातली खळबळ इतक्या चटकन ओसरत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने हे नीट मांडलं आहे: एका भावनेने उठलेली शारीरिक उत्तेजना मागे रेंगाळते आणि पुढे येणाऱ्या भावनेला जोर देते. भीतीमागून सुटकेचा आनंद आला की तो नेहमीपेक्षा दुप्पट वाटतो. अशा बोळांच्या बाहेर माणसं एवढ्या मोठ्याने खिदळत का असतात, ते यातून कळतं. तुमच्या बाबतीत मात्र मेंदू पोचला तेव्हा त्याच्या हाती काय होतं? "मी नको म्हटलं होतं, तरी इथे आहे, आणि माझा हात दुसऱ्याच्या हातात आहे." यातून सुटकेचा आनंद कसा निघणार? संताप आणि लाज निघाली, ती रास्तच आहे.

गुदगुल्या आठवा. "पुरे" म्हटल्याबरोबर थांबणाऱ्या हाताच्या गुदगुल्यांना मूल हसतं आणि पुन्हा मागतं. "पुरे" म्हणूनही जो हात थांबत नाही, त्याच्या गुदगुल्यांनाही मूल हसतंच, पण डोळ्यांत पाणी असतं आणि पुढच्या वेळी ते त्या माणसाजवळ जात नाही. वरवर बघणाऱ्याला दोन्ही वेळा हसू सारखंच दिसतं.

माणसांना भीती आवडते असं आपण सैलपणे म्हणतो. त्यांना आवडते ती स्वतःच्या मर्जीने घेतलेली, हवी तेव्हा सोडता येणारी भीती. एडमंड बर्क या ब्रिटिश विचारवंताने १७५७ मध्येच लिहून ठेवलंय की धोका फार जवळून भिडला तर तो निव्वळ त्रास असतो, पण ठरावीक अंतर राखलं तर त्याच भयात सुख सापडतं. ते अंतर ज्याचं त्याने ठरवायचं असतं, एवढीच पुस्ती मी जोडेन.

अलीकडच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजूनही पाहिलं आहे. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये एका भीतिघरात (तिकीट काढून घाबरायला जायच्या जागेत) समाजशास्त्रज्ञ मार्जी कर आणि सहकाऱ्यांनी २६२ प्रौढांना आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर प्रश्न विचारले. बऱ्याच जणांची मनःस्थिती आधीपेक्षा सुधारलेली होती, विशेषतः जे आत जाताना थकलेले, कंटाळलेले किंवा ताणाखाली होते त्यांची. हे वाचून "बघ, घाबरणं तब्येतीला चांगलं असतं" असं कुणी तुम्हाला ऐकवलं, तर त्यांना पुढचंही ऐकवा: ही सगळी माणसं आपापल्या मर्जीने तिकीट काढून आलेली होती.

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात तर मौजेखातर अनुभवलेल्या भीतीचा अभ्यास करणारी खास प्रयोगशाळा आहे. तिथल्या मार्क अँडरसन, मथायस क्लासन आणि सहकाऱ्यांनी एका बंद पडलेल्या मासळी कारखान्यात उभारलेल्या भीतिघरात ११० जणांच्या छातीची धडधड मोजली, त्यांचे चेहरे चित्रित केले, त्यांना विचारलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की भीती फार कमी असली तर माणूस कंटाळतो, फार झाली तर मजा जाते, आणि मधे कुठेतरी एक टप्पा असतो जिथे मजा सर्वांत जास्त. हा टप्पा प्रत्येकाचा निराळा. तुमचा टप्पा कदाचित काचेच्या पेट्यांपाशीच संपत असेल. यजमानांचा चार वळणं पुढे असेल. ज्याचा टप्पा पुढे, तो शूर असं या अभ्यासात कुठेही निघत नाही.

याच मंडळींचा २०१९ मधला आणखी एक अभ्यास मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. भीतिघरात शिरताना काहींना सांगितलं, शक्य तितकं घाबरायचा प्रयत्न करा. काहींना सांगितलं, भीती शक्य तितकी आटोक्यात ठेवा. पहिल्यांनी स्वतःला त्या गोष्टीत झोकून दिलं, मनमोकळं किंचाळले. दुसऱ्यांनी नजर वळवली, पुढच्याच्या पाठीमागे लपले, "हा नट आहे, हा रंग आहे" असं मनाशी घोकलं. भीती अर्थातच पहिल्यांना जास्त वाटली. पण समाधान? दोन्ही गटांत सारखंच. म्हणजे डोळ्यांवर हात धरून जाणारीचाही अनुभव पुरा असतो. दालन "पुरतं" बघायचं तर डोळे उघडे ठेवून किंचाळतच जायला हवं, ही समजूत काढून टाका.

आता यजमानांकडे वळते. ते वाईट हेतूने वागले असं मी म्हणत नाही. बरेच लोक प्रेमानेच असं करतात. त्यांना वाटतं, एकदा का आत गेली की हिची भीड चेपेल. भीड चेपते, पण पायरी-पायरीने आणि ज्याची त्याने चढल्यावर. त्यांच्याशी बोलताना "मला भीती वाटते" इथून सुरुवात करू नका, कारण मग चर्चा तुमच्या भीतीवर घसरेल आणि ते पुन्हा समजूत घालू लागतील. "मी दाराशी नको म्हटलं होतं, ते तुम्ही ऐकलं नाही," एवढंच बोला. घाबरणं-न घाबरणं हा वादाचा मुद्दाच नाही. आणि तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला सांगा. "गंमतच तर होती" हे उत्तर येईल. गंमत दोघांनी मिळून करायची असते, आणि या गंमतीत तुमचा वाटा फक्त चेहऱ्यापुरता आहे, हे शांतपणे सांगता येईल. (मला स्वतःला या छुप्या कॅमेऱ्यांची चीड आहे. माणूस सर्वांत असहाय असतो तो क्षण टिपायचा आणि तोच त्याला काउंटरवर विकायला काढायचा! असा फोटो पुसून टाका म्हणून तिथल्या तिथे सांगता येतं. सांगायला अजिबात संकोचू नका.)

इथवर माझी बाजू तुमच्याकडे झुकली होती. आता तुम्हालाही थोडं टोचणार आहे. यजमानांनी स्वतःच्या मापाने तुम्हाला आत ओढलं. तुम्ही स्वतःच्या मापाने लेकीला बाहेर ओढायच्या बेतात आहात. तुम्हाला जे अभद्र वाटलं ते तिलाही अभद्रच वाटत असणार, आणि तरी ती त्यात रमते म्हणजे तिचं काहीतरी बिनसलंय, असा तुमचा तर्क आहे. पण तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याकडे पुन्हा बघा. ती मुखवट्यापुढे उभी राहून काय बघत होती? घामाचा डाग. ज्या मुलीला राक्षसाच्या आतला घामेजलेला माणूस दिसतो, तिचं मन निबर होतंय असं मानायला माझं मन तरी धजत नाही.

असे मुखवटे कसे घडतात ते तिला विचारा, एव्हाना तिने शोधून काढलं असेल. नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीने राक्षसाचे उंचवटे आणि सुरकुत्या घडवायच्या, त्याचा पुन्हा साचा काढून त्यात फेसाळलेलं लॅटेक्स ओतायचं, भट्टीत पक्कं करायचं, मग तो लवचीक तुकडा चेहऱ्यावर चिकटवून कडा दिसणार नाहीत असा रंगवायचा. 'फ्रँकेनस्टाइन' या जुन्या भयपटात बोरिस कार्लॉफ या नटाला राक्षस बनवताना रंगभूषाकार जॅक पिअर्सचे रोजचे चारेक तास जात. मूकपटांच्या जमान्यातला नट लॉन चेनी आपले भयंकर चेहरे स्वतःच घडवायचा. त्याची रंगभूषेची पेटी लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने जपून ठेवली आहे. आणि मुलीला एक नाव मुद्दाम सांगा: मिलिसेंट पॅट्रिक. १९५४ साली पडद्यावर आलेल्या एका गाजलेल्या जलराक्षसाचं रूप या बाईने रेखाटलं, आणि त्याचं श्रेय कित्येक वर्षं तिच्या विभागप्रमुखाच्या नावावर खपलं. तुमच्या लेकीच्या वहीतले फाटलेले चेहरे मनाचा आजार दाखवतात की हाताचा सराव, हे ती वही तिच्या शेजारी बसून चाळल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. चाळताना "हे असलं का काढतेस?" असं विचारू नका. "हा डोळा असा लोंबता दाखवायला सावली कुठे दिलीस?" असं विचारा. ती तासभर बोलेल.

भयपट आवडणाऱ्यांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही, हा समज जुना आहे. कोल्टन स्क्रिव्हनर या संशोधकाने तो तपासला, तेव्हा अशा लोकांमध्ये सहानुभूती किंवा करुणा कमी असल्याचं आढळलं नाही. कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत केलेल्या पाहणीत तर भयपटांचे शौकीन मानसिकदृष्ट्या इतरांपेक्षा थोडे कमी ढासळलेले दिसले. शक्य आहे की घाबरलेल्या स्वतःला सावरायचा त्यांना सराव असावा. पण एकत्र दिसलेल्या दोन गोष्टींतली एक दुसरीचं कारण असतेच असं नाही, तेव्हा भयपट म्हणजे मनाचं टॉनिक असं काही मी सांगणार नाही.

काळजी कधी करायची तेही सांगते. खोट्या रक्ताऐवजी खऱ्या अपघातांचे, खऱ्या मारहाणीचे व्हिडिओ ती हौसेने शोधू लागली, जनावराला किंवा लहान भावंडाला दुखवण्यात तिला मजा वाटू लागली, झोप उडाली, मैत्रिणी तुटल्या, तर वाट न बघता समुपदेशकाकडे जा. आत्ता पत्रात यातलं काहीच दिसत नाही. मैत्रिणींना घेऊन वाढदिवस साजरा करायचा म्हणणारी मुलगी दिसते.

संग्रहालयाने घाबरवावं का, या प्रश्नात मला भलताच रस आहे, पण इथे आवरतं घेते. घाबरवणं आणि दाखवणं या दोन गोष्टी एका छताखाली नांदल्या, त्याला दोनशे वर्षं उलटून गेली आहेत. १७९९ मध्ये पॅरिसच्या एका ओस पडलेल्या मठात एत्येन-गास्पार रोबेर चाकांवरचा 'जादूचा कंदील' (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) पडद्यामागून पुढे-मागे सरकवून भुतं दाखवायचा. कंदील मागे गेला की भूत मोठं होत प्रेक्षकांवर चालून येई. आणि हाच गृहस्थ सांगायचा की हे सारे डोळ्यांचे भास आहेत, भुतांवर विश्वास ठेवू नका. मादाम तुसाँ १८०२ मध्ये मेणाचे पुतळे घेऊन इंग्लंडला आल्या, त्यात फ्रेंच राज्यक्रांतीत शिरच्छेद झालेल्यांची मुंडकी होती. १८३५ पासून लंडनच्या बेकर स्ट्रीटवर त्यांचं कायमचं प्रदर्शन मांडलं गेलं, आणि गुन्हेगारांची तिथली वेगळी खोली पुढे 'चेंबर ऑफ हॉरर्स' म्हणून जगभर गाजली. आज सिएटलच्या म्युझियम ऑफ पॉप कल्चरने भयपटांवर आख्खं दालन मांडलंय, आणि माणसाला घाबरवणारी गोष्ट कशी रचली जाते हे उलगडून दाखवणं हाही अभ्यासाचाच भाग मानला जातो.

माझी पसंती-नापसंती मात्र आहे, आणि ती बहुधा तुमच्या उलट पडेल. रबरी राक्षसाचं मला काही वाटत नाही, तो कुणाचं नुकसान करत नाही. खऱ्या खुनाचा, खऱ्या छळाचा देखावा मांडून त्यावर लाल दिवे सोडलेले असतात तिथे मी अस्वस्थ होते. तिथे मारणाऱ्याचा पुतळा असतो, मेलेल्याचं नाव पाटीवरही नसतं. मुलांना अशा ठिकाणी नेलंत तर घाबरण्याबद्दल बोलू नका, जो मेला तो कोण होता हे विचारा.

आता वाढदिवस. मी पाठवेन, काही गोष्टी ठरवून. आधी संग्रहालयाला फोन करा. वयाची अट काय? आत जिवंत माणसं अंगावर येतात की फक्त यंत्रावरची बाहुली? ती माणसं स्पर्श करतात का? लखलखणारे दिवे आहेत का? हे शेवटचं विसरू नका. फेफरं येणाऱ्यांना असे दिवे घातक ठरू शकतात. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनीही आधी चौकशी करावी. मधून बाहेर पडायची दारं किती आणि कुठे, हे सगळ्या मुलींना आत जायच्या आधी दाखवा. दार ठाऊक असलेली व्यक्ती सहसा ते वापरत नाही. मैत्रिणींच्या आयांना मोघम "म्युझियमला नेतेय" सांगून भागणार नाही, काय आहे ते स्पष्ट सांगा. जी नको म्हणेल तिला "चल गं, मज्जा येते" असा आग्रह कुणीही करायचा नाही, अगदी वाढदिवसाच्या मुलीनेही. १४ व्या वर्षी मैत्रिणींसमोर नको म्हणणं त्या बोळापेक्षा अवघड असतं. म्हणून दाराबाहेर कुणीतरी मोठं माणूस बसलेलं असू द्या, म्हणजे "मी काकूंना सोबत थांबते" असं म्हणून मुलीला मानाने बाजूला होता येईल. ती काकू तुम्हीच व्हा, ताई. तुम्हाला आत जायचं नाही, आणि तिथे बाहेर माणूस हवंच आहे. क्रम बदलता आला तर बघा: आधी मुखवटे आणि रंगभूषा, मग बोळ, मग पुन्हा मुखवटे. आतून घाबरून आलेल्या मुली दुसऱ्या खेपेला त्या पेट्यांकडे फार वेगळ्या नजरेने बघतात.

तुम्ही स्वतः पुन्हा आत गेलंच पाहिजे असं काहीही नाही. कधी वाटलंच, तर गर्दी नसेल तेव्हा जा, लेकीला पुढे ठेवा, आणि पहिल्या वळणावरून परत फिरलात तरी ती तुमची पूर्ण सहल समजा. मात्र त्या दिवसानंतर एरवीही बंद जागेत, गर्दीत छाती दाटून येणं, घाम फुटणं असं होत असेल, तर तो वेगळा विषय आहे. डॉक्टरांशी बोला.

राहिला धाकटा. त्याच्या बाबतीत मी इतका वेळ केलेला मर्जीचा उदोउदो बाजूला ठेवते. ७ वर्षांच्या मुलाची मर्जी या कामाला पुरत नाही, कारण आपण कशाला हो म्हणतोय याचा त्याला अंदाज नसतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी मुलं पडद्यावरच्या गोष्टींना कशी घाबरतात यावर वर्षानुवर्षं काम केलं. लहान मूल रूपाला घाबरतं. भेसूर चेहरा दिसला की संपलं, तो मनाने चांगला आहे किंवा खोटा आहे हे सांगून उपयोग होत नाही. साधारण आठ वर्षांपुढे हे हळूहळू बदलतं, आणि मग मुलं खरोखर घडू शकेल अशा गोष्टींना जास्त घाबरू लागतात. कँटर आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टन हॅरिसन यांनी १९९९ मध्ये सुमारे १५० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पाहिलेल्या भीतिदायक गोष्टींबद्दल विचारलं. दहातल्या नऊ जणांना असा एखादा अनुभव आठवत होता, आणि साधारण चौथा हिस्सा विद्यार्थ्यांच्या मनात त्याची धास्ती अजून शिल्लक होती. तेव्हा त्याला साफ नाही सांगा. "तू भित्रा आहेस म्हणून नाही" हे मात्र त्यात असू द्या. दोन-चार वर्षांनी विचारू, असं म्हणा आणि तेव्हा खरंच विचारा.

रात्रीचं काय करायचं? "भूतबित काही नसतं" हे त्याने शंभरदा ऐकलं असेल. बोळाशी तुम्हाला ऐकवलेल्या वाक्याइतकाच त्याचाही उपयोग. त्याऐवजी बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा लावून ठेवा, दिव्याचं बटण त्याच्या हाताला लागेल असं बघा. काही दिवस दारापर्यंत सोबत जा, मग अर्ध्या वाटेपर्यंत, मग अंथरुणातूनच हाक द्या. झोपायच्या आधी बहिणीच्या सुरस कथा बंद, यावर घरात एकमत करा. तिला रागावून गप्प करण्यापेक्षा कामाला लावा. दिवसाउजेडी दोघांनी कागदाच्या लगद्याचा एक मुखवटा करावा. दात किती, रंग कोणता, डोळे कुठे, सगळं धाकट्याने ठरवायचं. वाळला की तो त्यानेच घालायचा आणि ताईला, बाबांना घाबरवायचं. बाबांनी जोरात दचकावं, आणि त्याने "पुरे" म्हटलं की तिथेच थांबावं. मुखवटा रात्री कुठे ठेवायचा तेही त्यालाच विचारा. काही मुलांना तो कपाटात बंद करून किल्ली उशाखाली लागते, काहींना चक्क शेजारी लागतो. तीन-चार आठवडे उलटूनही तो एकटा झोपायला तयार नसेल, दिवसाही भेदरलेला दिसत असेल, किंवा अंथरूण ओलं करू लागला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांना नेमकं काय ऐकल्यानंतर हे सुरू झालं ते सांगा, आणि हे बोलणं होईतो त्याला खोलीबाहेर आत्याजवळ बसवा.